खालची झडप

या, असे जवळ येऊन बसा. मागच्यांनीही पुढं सरका. माझा आवाज आता पूर्वीसारखा भिंतीवर आपटून परत येत नाही. एका खलाशाची गोष्ट सांगतो. लढाई आहे तिच्यात, पण तोफ उडत नाही. समुद्र आहे, पण गुडघाभरच. प्रेमही आहे; फक्त ज्यांचं होतं त्यांना ते बोलायला फुरसत मिळाली नाही. ऐकताना तुम्ही वैतागाल. वैतागा, मीही सांगताना वैतागतो. देवानं माणसाला जीभ दिली, समोर ऐकणारं माणूस दिलं, आणि मग दोघांच्या मधे कामाचा एवढा ढीग रचून ठेवला, की त्याची लीला म्हणून हात जोडावेत का त्याच्याशी भांडावं, हेच कळत नाही.

तर त्या खलाशाला सगळे भोंगा म्हणत. पाळण्यात असल्यापासून. हा रडायला लागला की धक्क्यावरची माणसं बोट आली समजून उठून उभी राहत. पुढं तो खरोखरच बोटीवर गेला, मालाच्या जहाजावर, भट्टीत कोळसा टाकायला. लढाई पेटली तसा जहाजाला राखाडी रंग फासला गेला, दिवे बंद झाले, आणि कुठं चाललोय हे विचारायचीही बंदी झाली. भट्टी जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली. लोखंडाच्या पत्र्याअलीकडं ही माणसं उघड्या अंगानं कोळसा ओढतायत आणि पलीकडं समुद्र पत्र्याला घासत चाललाय, तो ऐकू येतो. पत्रा फुटला तर शिडीपर्यंतही पोचायचं नाही, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक. म्हणून त्यावर कुणी बोलत नसे.

भोंग्याला मात्र भीती वेगळीच होती. मरणाची नव्हे, उशिराची. गावाबाहेरच्या मिठागरात एक मुलगी होती. तिला दाताळी म्हणत, कारण मीठ ओढायचं एक दाताळं कायम तिच्या हातात असे आणि दुसरं, लोक म्हणत, तोंडात. निघायच्या आदल्या दिवशी भोंगा बांधावर जाऊन तिच्यामागं उभा राहिला होता. तिनं वळूनही न बघता म्हटलं होतं, "आधी परत ये. मग बघू."

एवढंच. या "मग बघू"वर माणूस जगला. फावडं कोळशात घुसवताना "मग", भट्टीत रिकामं करताना "बघू". घामानं डोळे मिटलेले, तोंडात कोळशाची पूड, आणि मनात ती बांधावर वाकलेली पाठ. कधी तिच्या मानेवरचा मिठाचा पांढरा डाग आठवायचा आणि जेवणाचा घास हातात तसाच राहायचा. काय बोलायचं, ते त्यानं मनाशी घोटून घोटून गुळगुळीत केलं होतं. सोबतचे थट्टा करत, "काय रे, तुझ्या खारटबाईनं आज काय निरोप दिला?" हा म्हणे, "बघू म्हणाली." सगळे हसत. तोही हसे. मग पत्र्यापलीकडून कुठूनतरी लांबून दबका धमाका ऐकू येई आणि सगळ्यांची फावडी एकदम थांबत.

जहाजाची एक बाजू कशालातरी घासून चेपली आणि ते दुरुस्तीला गोदीत लागलं. भोंग्याला आठवड्याची सुटी मिळाली. प्रवासात थोडी गेली, उरलेली घेऊन तो दारात उभा राहिला.

आईनं त्याला पोटाशी धरलं, रडली, तोंडावरून हात फिरवला, हाताला लागलेलं काळं बघितलं, आणि म्हणाली, "छपराचा पत्रा उचकटलाय. जेवून घे आणि वर चढ."

"आई, जरा बाहेर जाऊन येतो आधी."

"बाहेर काय आहे? दोन वर्षं बाहेरच होतास ना?"

थोरला भाऊ सरकारी कामावर सुतार म्हणून लांब गेलेला. घरात आई आणि वहिनी, दोघीच. गावातली धडधाकट माणसं कुठल्या ना कुठल्या कामावर नेलेली. अशा गावात रुंद खांद्यांचा माणूस सुटीवर आला, की ती सुटी गावाचीच होते. भोंगा छपरावर चढला तेव्हा शेजारीण खाली येऊन उभी राहिली. तिचं दार खाली टेकत होतं. दार झालं तर धक्क्यावरची होडी उलटी करून डांबर फासायची होती. प्रत्येक जण म्हणे, "तू काय बाबा, जहाज चालवणारा माणूस." तो सांगून थकला, की मी जहाज चालवत नाही, मी जहाजाच्या पोटात कोळसा टाकतो. कुणाच्या कानात शिरेना.

छपरावरून मिठागर दिसे. चौकोनी वाफे, मधले मातीचे बांध, आणि एका वाफ्यावर वाकलेली एक आकृती. भोंगा खिळा ठोकता ठोकता तिकडं बघे आणि हातोडा अंगठ्यावर बसे.

"भाऊजी," वहिनी खालून म्हणाली, "पत्रा इकडं आहे."

"दिसतोय मला पत्रा."

"मग खिळा मिठागरात का ठोकताय?"

आईनं ते ऐकलं. ती भांडी जरा जोरात ठेवू लागली. दाताळी तिला चालत नव्हती. मागं एकदा बाजारात मिठाच्या मापावरून दोघींची जुंपली होती, आणि आईच्या मनात तो दिवस अजून मावळला नव्हता. "तिच्या जिभेवर मीठच उगवतं," आई म्हणे. "बाईमाणसानं कसं मऊ असावं." वहिनी यावर खाली मान घालून हसे, कारण आई स्वतः किती मऊ होती ते तिला माहीत होतं.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी भोंगा कुणालाही न सांगता मागच्या दारानं निघाला. अंगात धुतलेला शर्ट, पायात जहाजावरचे जाड बूट, खिशात साबणाची वडी. साधा साबण नव्हे. समुद्राच्या पाण्यात फेस होतो असला, खलाशांना मिळतो तो. मिठात काम करणाऱ्या बाईला याहून चांगली भेट ती काय, असा त्याचा हिशेब. साबण द्यायचा आणि घोटलेलं बोलायचं.

बांधाच्या तोंडाशीच तात्या बसलेले. तात्या म्हणजे दाताळीचे वडील. कमरेत धरल्यामुळं त्यांना वाकता येत नव्हतं, त्यामुळं ते बसूनच राज्य करत.

"अरे भोंग्या! ये, बस. लढाईचं काय म्हणतंय?"

"चाललीय, तात्या."

"शत्रूची बोट केवढी असते रे? पाण्याखालून जाते म्हणतात ती?"

"दिसली असती तर सांगितलं असतं. खाली असतो मी."

"तीही खालीच असते, तूही खालीच. मग दिसत कशी नाही?"

भोंग्यानं देवाचं नाव घेतलं. खिशातून रुमाल काढायला गेला तर साबणच बाहेर आला. तात्यांनी तो अलगद हातातून घेतला, हुंगला. "माझ्यासाठी? एवढ्या लांबून आठवण ठेवलीस हो!" आणि डोळ्यांत पाणी आणून वडी सदऱ्याच्या आत टाकली. आता काढून कशी मागणार?

तो तिथून सुटला आणि लांबून दाताळीला हात केला. ती वाफ्याच्या पलीकडच्या बांधावर. फेरा मारून जायचं तर वेळ जाणार, म्हणून तो सरळ वाफ्यातून निघाला. पाणी जेमतेम वीतभर, खाली पांढरा थर नुकताच धरत होता. बुटाखाली कुर्रकुर्र आवाज आला. त्याला वाटलं, वाळू.

"थांब!" ती ओरडली. "आहेस तिथं थांब! पाय उचलू नकोस! नाही, उचल! अरे देवा, ठेवू नकोस परत!"

एक पाय हवेत धरून तो उभा राहिला.

"मीठ आहे ते! चार दिवसांत धरलंय. त्याच्यावर चिखलाचे बूट? चपातीवर चालतो का रे तू घरी?"

"मला वाटलं..."

"काढ बूट. त्याच पावलांवर पाय ठेवत मागं जा."

दोन वर्षांनी झालेलं पहिलं बोलणं ते हे. तो बूट छातीशी धरून, बगळ्यासारखा, मागं मागं चालत गेला. तात्या सूचना देत होते. फेरा घालून तो तिच्यापाशी पोचेपर्यंत त्याचं सगळं गुळगुळीत बोलणं कुठल्या कुठं गेलं होतं. ती बारीक झाली होती. हातांना भेगा, ओठ फुटलेले. तिचा भाऊ लढाईवर गेल्यापासून सगळं मिठागर एकटी ओढत होती. तो नुसताच बघत राहिला.

"बघतोस काय? आलास तर दाताळं घे. तिकडच्या वाफ्यातलं मीठ कडेला ओढ. हलक्या हातानं. खालचा चिखल वर आला तर तुझ्या नावानं भोंगा मी वाजवीन."

"मला बोलायचं होतं."

तिनं वर बघितलं. मग आभाळाकडं बघितलं. "आधी हे," ती म्हणाली.

आणि तिचं बरोबर होतं. पश्चिमेकडं एक ढग चढत होता, अवेळी, कुणी न बोलावलेला. मोसम संपायला थोडेच दिवस होते. इथलं पाणी भर उधाणात समुद्रातून घेतलेलं, मग वाफ्यावाफ्यातून फिरवत, उन्हात आटवत, अगदी तेलासारखं जड केलेलं. ते शेवटच्या वाफ्यांत होतं. त्यातून निघणारं मीठ म्हणजे त्या बापलेकीचं वर्ष. ते गेलं तर पुन्हा आटवायला ऊन उरलं नव्हतं. तात्या तसं उघड म्हणत होते, "हे निघालं नाही तर मिठागर दुसऱ्याला द्यायचं आणि आपण हिच्या मावशीकडं जाऊन पडायचं." मावशी डोंगरापलीकडं होती. तिथून भोंग्याला दाताळी पुन्हा कुठं दिसणार होती?

पाऊस आला तो टपोराच. दाताळी धावत सुटली. "मी ह्या बाजूच्या झडपा बघते, तू त्या बाजूला जा! वरचं पाणी सोड!"

आता बघा, मिठागराचं शास्त्र साधं आहे. पावसाचं पाणी हलकं, मिठाचं जड. पाऊस वर तरंगतो. प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी दोन फळ्यांची झडप असते. झडपेची वरची फळी बोटभर उचलायची, म्हणजे वरचं गोडं पाणी निघून जातं आणि जड पाणी खाली शांत राहतं. खालची फळी मोसम संपल्यावरच काढतात, उरलेलं कडू पाणी फेकायला.

पण भोंग्याचे हात जहाजाचे. जहाजात पाणी शिरलं, की ते वरून निघत नाही. तळाशी जायचं आणि तळ मोकळा करायचा; दोन वर्षं रोज हेच त्याच्या डोक्यात भरलेलं. त्यात पाऊस, त्यात तिचं ओरडणं, त्यात मन लावून काहीतरी करून दाखवायची हौस. तो झडपेपाशी गुडघ्यावर बसला, हात खाली घातला आणि खालची फळी सगळा जोर लावून उपटली. तेवढ्यावर थांबला असता तरी! धावत जाऊन पुढच्या वाफ्याचीही उपटली. त्याच्याही पुढच्याची.

मग उभा राहून त्यानं अभिमानानं हात वर केला.

पाऊस जसा आला तसा गेला. असले पाऊस नुसते नुकसान करायला येतात. दाताळी या टोकाला आली, आणि तिनं वाफे बघितले. नुसता ओला चिखल, आणि त्यावर मिठाची फाटकी साय. झडपेखालच्या चरातून जड पाणी गुळगुळ करत चाललेलं.

ती ओरडली नाही. तेच वाईट होतं.

"कुणी सांगितलं?" तिनं हळू विचारलं.

"तूच म्हणालीस पाणी सोड."

"वरचं म्हटलं होतं."

"जहाजात पाणी शिरलं की खालून..."

"हे जहाज आहे?" तिचा आवाज फाटला. "हे बुडणार होतं का? वीतभर पाण्यात कोण बुडतं रे? तू! तूच एक बुडतोस, आणि घेऊनही बुडतोस!"

तात्या लंगडत आले. बांधावर बसले. बराच वेळ चराकडं बघत राहिले. मग त्या म्हाताऱ्यानं सदऱ्यातली साबणाची वडी काढून बांधावर ठेवली. भोंग्याला वाटलं, त्यापेक्षा जहाजाचा पत्रा फुटला असता तर बरं.

आणि मग म्हातारा एकदम ताठ झाला. "ओहोटी आहे!"

दाताळीनं त्याच्याकडं बघितलं. मग दोघंही चराकडं. चर पुढं जाऊन एका खोलगट खड्ड्यात उतरत होता आणि तिथून खाडीला मिळत होता. ओहोटीमुळं खड्ड्याच्या पुढं वाट कोरडी होती. पाणी जड, ते खड्ड्याच्या तळाला बसणार. भरती यायच्या आत खड्ड्याचं तोंड बांधलं, तर बरंचसं अडणार होतं.

"फावडं," दाताळी म्हणाली. आणि भोंग्याला या सुटीत पहिल्यांदा आपल्याला येणारं काम मिळालं.

त्यानं चिखल असा ओढला, की तात्या सूचना द्यायचे थांबले. कमरेपर्यंत गाळात उतरून फावड्यामागं फावडं तो टाकत गेला, ती पायांनी तुडवून बसवत गेली. धुतलेला शर्ट कुठं गेला, कळलं नाही. समुद्र परत यायला लागला तेव्हा बांध पाण्याहून हातभर उंच झाला होता. पाणी बाहेरून येऊन टेकलं, चाचपलं आणि थांबलं.

"तात्या, अंडं बघा," ती धापा टाकत म्हणाली.

जड पाण्यात अंडं तरंगतं. आरडाओरडा ऐकून वहिनीही बांधावर आली होती; तिनं घरून धावत आणलेलं अंडं तात्यांनी खड्ड्यात सोडलं. ते थोडं खाली गेलं, विचार केला आणि डोकं वर काढून राहिलं.

"अर्धवट आहे," तात्या म्हणाले. "माणसासारखंच. पण चालेल."

आता ते पाणी खड्ड्यातून उचलून पुन्हा वाफ्यात चढवायचं. त्यासाठी तिथं एक डांबर फासलेली रुंद टोपली असते. टोपलीला चार दोर. दोन एका माणसाच्या हातात, दोन समोरच्याच्या. दोघांनी खड्ड्याच्या दोन काठांवर समोरासमोर उभं राहायचं, एकदम सैल सोडायचं, टोपली पाण्यात बुडते. एकदम ताणायचं, ती भरून वर येते. एकदम कलती करायची, पाणी वाफ्यात. सगळं त्या "एकदम"मध्ये आहे. एक जण निमिषभर मागं राहिला, की टोपली तिरकी होते आणि पाणी त्याच्याच अंगावर येतं.

तुम्ही म्हणाल, आता काय हवं? समोरासमोर उभे, मधे फक्त टोपली. भोंग्यालाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो हजर झाला, दोर धरले, आणि दुसऱ्याच झोक्याला म्हणाला, "मी जहाजावर असताना..."

टोपली कलली. पाणी दोघांच्या पायांवर.

"बोलू नकोस. झोका चुकतो."

थोडा वेळ गेला. "मी फक्त एवढंच..."

पाणी.

"अरे, हे तोंड बंद होतं का तुझं कधी? दोन वर्षं गप्प होतास ना तिकडं?"

"तिकडं तू कुठं होतीस समोर!"

हे वाक्य पूर्ण झालं, म्हणून टोपली उलटीच झाली. दाताळी नखशिखान्त भिजली. पापण्यांवर खारट थेंब, तोंडात खारट पाणी. ती थुंकली, आणि त्याच्याकडं अशी बघत राहिली की त्याला ते रागावणं आहे का दुसरं काही, याचा अंदाज येईना.

"ओढ," ती म्हणाली.

मग तो गप्प बसला. हळूहळू झोका जमायला लागला. सैल, ताण, कल. सैल, ताण, कल. तिचे खांदे मागं गेले की त्याचे जात. ती श्वास घेई तेव्हा तो घेई. कीर्तनात टाळकरी कसे, बुवांकडं बघत नाहीत तरी ठेका चुकत नाही, तसं होऊन गेलं. तळहाताच्या फोडांत मीठ शिरून आग होत होती, पाठ भरून येत होती, आणि तो, वेडा, सुखात होता. पण तेवढ्यापुरताच. विसावा घ्यायला थांबले, की तात्या मधे येऊन बसत आणि पाण्याखालच्या बोटीची चौकशी सुरू करत. नाहीतर वहिनी जेवण घेऊन येई आणि उठायचं नाव काढीत नसे. नाहीतर आई बांधाच्या टोकाला येऊन उभी राही आणि लांबूनच ओरडे, "दोन वर्षांनी आला पोरगा, तर चिखलात घातला लोकांनी!"

"त्यानंच घातला आम्हाला चिखलात!" दाताळी तिथूनच उत्तर देई.

"त्याला काय कळतं? तुम्ही सांगायचं नीट!"

"नीटच सांगितलं होतं. कान कुणाकडून घेतलेत त्यानं?"

भोंगा दोर धरून मधे उभा. एक बाजू आई, एक बाजू ही. त्याला जहाजाची आठवण आली. तिथं निदान शत्रू एकाच बाजूला होता.

सुटी संपली. निघायच्या दिवशीही खड्ड्यात पाणी बरंच शिल्लक होतं. त्याला जहाजाकडं नेणारी लाँच भरतीबरोबर धक्क्यावरून सुटायची होती. तो पहाटेच मिठागरात आला, पिशवी बांधावर ठेवली आणि दोर उचलले. दाताळी नेहमीपेक्षा उशिरा आली, धापा टाकत, गावाच्या बाजूनं. कुठून आलीस, असं विचारायची सोय नव्हती. टोपली पाण्यात गेली. सैल, ताण, कल.

त्यानं मनाशी ठरवलं होतं, की धक्क्यावर लाँच दिसली की बोलायचं. लाँच दिसली. त्यानं दोर सोडले नाहीत, पण झोका थांबवला. टोपली दोघांच्या मधे लोंबकळत राहिली.

"मी जातोय," तो म्हणाला. घोटलेलं एकही वाक्य तोंडात येईना. "तू म्हणाली होतीस परत आलास तर बघू. आलो. तर... बघितलंस का?"

"काय माणूस आहे!" ती म्हणाली. "पाणी अर्धं राहिलंय खड्ड्यात आणि हा विचारतोय बघितलंस का!"

"अगं, मग कधी विचारू? तिथं खाली कोळशाला विचारू?"

"ओरडू नकोस."

"मी भोंगाच आहे!"

तेवढ्यात बांधावरून कुणीतरी येताना दिसलं. पायातलं काढून हातात घेतलेलं, बाह्या वर सारलेल्या, तोंड रागावलेलं. आई. ती सरळ भोंग्यापाशी आली आणि त्याच्या हातातले दोर ओढून घेतले.

"सर बाजूला."

"आई? तू कशाला?"

"मग कोण? तू चाललास. खड्डा काय तुझी वाट बघत बसणार आहे?" आईनं दोर तळहाताभोवती गुंडाळले, आणि समोर बघत, पण भोंग्याला उद्देशून, म्हणाली, "अजून चूल पेटवली नव्हती, तर ही दारात उभी. मला म्हणते, तुमच्या मुलानं सांडलंय आणि तो जातोय, तर उरलेलं तुम्ही भरायला या. मी म्हटलं, मी का म्हणून? तर म्हणते कशी, मीठ निघालं की मी ह्या घरात राहायला येणार आहे. तोवर समोरासमोर उभं राहून आपली भांडणं तरी उरकून घेऊ."

भोंग्यानं दाताळीकडं बघितलं. ती टोपलीची गाठ तपासत होती. गाठीला काहीही झालं नव्हतं.

"म्हणजे..." तो म्हणाला.

"म्हणजे काय म्हणजे?" दोघी एकदम म्हणाल्या.

"लाँच सुटेल!" तात्या मागून ओरडले.

तो पळाला. पिशवी बांधावरच राहिली म्हणून परत आला, तेव्हा दाताळीनं ती उचलून त्याच्या हातात दिली, आणि देताना तिची फुटलेली बोटं त्याच्या फुटलेल्या बोटांवर जरा जास्त वेळ राहिली. "आणि हे बघ," ती हळू म्हणाली, "तिकडं खालची झडप उघडू नकोस कुठली."

लाँच खाडीतून वळली तेव्हा तो मागं उभा होता. मिठागर लहान होत चाललेलं. खड्ड्याच्या दोन काठांवर दोन बायका. पहिली टोपली तिरकी झाली आणि सगळं पाणी आईच्या अंगावर गेलं. दोघींचे हात वर झाले. एवढ्या लांबूनही कळत होतं की काय बोलणं चाललंय. दुसरी टोपली दाताळीच्या अंगावर. पुन्हा हात वर. तिसरी कशीबशी वाफ्यात गेली. चौथी सरळ गेली. मग त्या दोघी नुसत्याच मागंपुढं होताना दिसू लागल्या, सैल, ताण, कल, आणि लाँचच्या कठड्याला धरलेले त्याचे हात आपोआप त्याच लयीत ताणले जाऊ लागले. लाँचवाला म्हणाला, "काय रे, कठडा उपटतोस का?"

मीठ निघालं. थोडं मळकट निघालं, पण निघालं. तात्या मावशीकडं गेले नाहीत. दाताळी त्या घरात राहायला आली, आणि भांडणं काही सगळी उरकलेली नव्हती. शेजारीण सांगते, अजून ऐकू येतात. भोंगा मात्र अजून आलेला नाही. लढाई चालूच आहे. जहाज कुठं आहे ते कुणी सांगत नाही, विचारायचीही बंदी आहे. आत्ता आपण इथं बसलोय, त्या घटकेला तो कुठल्यातरी पाण्याच्या पातळीखाली उघड्या अंगानं फावडं मारत असेल, आणि पत्र्याच्या पलीकडं समुद्र घासत चालला असेल.

म्हणून एवढंच मागणं आहे, मायबापहो. घरी जाऊन देवापुढं हात जोडाल तेव्हा स्वतःचं सगळं मागून झालं, की एक श्वास त्याच्यासाठी ठेवा. खरं नाव ठाऊक नाही म्हणून अडू नका. भोंगा म्हटलं तरी वरच्याला कळतं.